एकच पाकीट, एकाचं वजन वाढतं, दुसऱ्याचं नाही: आतड्यातल्या जिवाणूंचा यात हात किती?

मुख्यसेविका_गोवंडी

गोवंडी-शिवाजीनगर भागातल्या अंगणवाड्यांसाठी विचारते आहे. ८ ते १८ महिन्यांची बाळं, सुरुवातीची वजनं जवळपास सारखी, टीएचआरचं (घरी न्यायच्या पूरक आहाराचं) पाकीट तेच. तीन महिन्यांनी काहींची रेघ तक्त्यावर वर चढलेली असते, काहींची आडवीच्या आडवी. तीव्र कुपोषित म्हणून आरयूटीएफवर (थेट पाकिटातून खायच्या उपचारात्मक आहारावर) घेतलेल्या मुलांचंही तेच. काही भराभर वाढतात आणि पाकिटं बंद झाली की दोन-तीन महिन्यांत पुन्हा मध्यम कुपोषितांच्या यादीत येतात.

दुसरं दुखणं लोहाच्या सिरपचं. सुरू केलं की शी काळी होते, पातळ होते, आणि आई बाटली फळीवर ठेवते ती कायमची.

प्रशिक्षणात हल्ली ‘आतड्यातले जिवाणू’ असं बरंच ऐकू येतं. एक देणगीदार सहा महिने पुरतील इतकी प्रोबायोटिकची (जिवंत उपयुक्त जिवाणूंची) पाकिटं द्यायला तयार आहेत. ती घ्यावीत की नाहीत? आणि जिवाणूंचं हे प्रकरण खरं असेल तर अंगणवाडीच्या पातळीवर आपल्या हातात काय आहे? ‘समतोल आहार द्या’ छापाचं उत्तर नको, ते भिंतीवर आधीच रंगवलेलं आहे.

परळ_सूक्ष्मजीव

ताई, जिवाणूंचं प्रकरण खरं आहे. पाकिटांना मात्र तूर्त हो म्हणू नका.

सुरुवात आईच्या दुधापासून करू. दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल आईच्या दुधात काय असतं, तर काही खास लांब साखळीच्या शर्करा. गंमत अशी की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या सरळ मोठ्या आतड्यात जातात आणि तिथे बिफिडोबॅक्टेरियम इन्फॅन्टिस नावाचा जिवाणू त्यावर पोसला जातो. तो अ‍ॅसिटेट आणि लॅक्टेट तयार करतो, आतड्यातली आम्लता वाढते आणि ई. कोलायच्या जातीतल्या उपद्रवी मंडळींना हातपाय पसरता येत नाहीत. पहिल्या सहा महिन्यांत ग्लुकोजचं पाणी, बाळगुटी, वरचं दूध, मध असं काही गेलं की ही घडी विस्कटते. बाळगुटीत तर वनस्पतींपेक्षा सहाणेवरचं पाणी जास्त घातक.

सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की वस्ती बदलायला हवी. डाळी, धान्यं, फळं यांतले तंतू आणि स्टार्च फोडणारे जिवाणू (प्रिव्होटेला, फिकॅलिबॅक्टेरियम वगैरे) हळूहळू वाढतात आणि दोन-तीन वर्षांत मूल मोठ्या माणसासारख्या वस्तीपर्यंत पोचतं. २०१४ साली ढाक्याची आयसीडीडीआर,बी ही संशोधन संस्था आणि अमेरिकेतल्या सेंट लुइसचा जेफ्री गॉर्डन यांचा गट यांनी तीव्र कुपोषित मुलांच्या शीचे नमुने तपासले. त्या मुलांची जिवाणूवस्ती वयाच्या मानानं ‘लहान’ राहिलेली होती. आरयूटीएफ किंवा तिथली खिचुरी-हलवा दिल्यावर ती थोडी पुढे सरकली, पण उपचार थांबल्यावर बऱ्याच मुलांत पुन्हा मागे पडली. तुम्ही सांगताय ते ‘पाकीट बंद, वजन खाली’ याचं एक कारण इथे असू शकतं. एकमेव नाही.

हे कारण की नुसता परिणाम, अशी शंका कोणीतरी काढेलच. त्याच गटानं २०१३ मध्ये मलावीतल्या जुळ्यांवर काम केलं होतं, एकाला क्वाशिओरकॉर (अंगावर सूज आणणारं तीव्र कुपोषण) आणि दुसरं ठणठणीत अशा जोड्या. दोघांचे जिवाणू जंतूविरहित उंदरांत सोडले आणि सगळ्यांना मलावीतलाच आहार दिला. आजारी भावंडाचे जिवाणू मिळालेल्या उंदरांचं वजन घसरलं. म्हणजे अन्न तेच असूनही जिवाणूंमुळे फरक पडू शकतो. उंदीर म्हणजे गोवंडीतलं बाळ नव्हे, हे खरं. तरी कार्यकारणाची दिशा कळते.

आता तुमच्या कामाचं. २०२१ मध्ये ढाक्याच्या मीरपूर वस्तीतल्या १२ ते १८ महिन्यांच्या मध्यम कुपोषित मुलांना दोन प्रकारचे पूरक आहार तीन महिने दिले, रोज दोनदा २५-२५ ग्रॅम. एक नेहमीचा, तांदूळ-मसूर-दूध पावडरवाला. दुसरा जिवाणूंचा विचार करून बनवलेला: हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाणा, कच्चं केळं, वर साखर, तेल आणि सूक्ष्मपोषकं. दुसऱ्यात उष्मांक सुमारे २० टक्क्यांनी कमी होते, तरी उंचीच्या मानानं वजन त्याच मुलांचं अधिक वेगानं सुधारलं. पुढच्या कामात प्रिव्होटेला कोप्राय हा जिवाणू या अन्नातल्या शर्करा फोडताना सापडला. जिवाणू बाहेरून कोणीच दिले नव्हते. असलेल्यांना योग्य खाद्य मिळालं, एवढंच. देणगीदारांच्या पाकिटात नेमकं उलटं होतं. जिवाणू टाकले जातात आणि त्यांच्या खाण्याची सोय कोणी बघत नाही.

आहार_दादर

वरचं सगळं मान्य, पण जिवाणूंपर्यंत जायच्या आधी वजनकाटा बघा हो.

दर सोमवारी काट्यावर २ किलोचं प्रमाणित वजन ठेवून बघायचं. शून्यावर काटा बरोबर आणि २ किलोला २.१ दाखवतो, असे काटे भरपूर असतात. बाळाचे कपडे काढून, डायपर काढून. मागच्या महिन्यात काजळ-बांगड्या-स्वेटरसकट आणि या महिन्यात नुसतं असं मोजलं तर ‘वाढ खुंटली’ हमखास निघते. लांबीच्या फळीवर एक माणूस डोकं धरायला आणि एक गुडघे दाबायला हवाच. एकट्या ताईनं मोजलं की एखाद-दोन सेंटिमीटरची चूक ठरलेली, आणि तेवढ्यात मूल एका गटातून दुसऱ्या गटात जातं. जुलाबाच्या आठवड्यात घेतलेलं वजन नोंदवा, पण त्यावर निष्कर्ष काढू नका. पाणी भरून आलं की दोन दिवसांत दोनशे ग्रॅम ‘वाढतात’.

मग पाकीट कोणाच्या पोटात जातं ते बघा. चार वर्षांचा भाऊ घरात असेल तर टीएचआर दोघांचा. आईला ‘देता का?’ विचारलं तर हो म्हणणारच. ‘काल किती वाजता, कशात कालवून, किती उरलं’ असं विचारलं की खरं कळतं. आणि ती पेज किती पातळ केली तेही. पाकीट आठवडाभर जास्त पुरावं म्हणून दुप्पट पाणी घातलं की बाळाचं पोट पाण्यानं भरतं. चमचा तिरका केल्यावर पेज ओघळली नाही, हळूच घसरली, तर घट्टपणा बरोबर.

यातून जे उरतील त्यांच्यासाठी टीबीचा संपर्क, लघवीतला जंतूसंसर्ग हे तपासून घ्या. त्यानंतरच जिवाणू.

परळ_सूक्ष्मजीव

काट्याबद्दल वाद नाही. पण दादर, तुमच्या चाळणीतूनही उरणारी मुलं बरीच असतात, आणि त्यांच्यात अनेकदा आतड्याचं अस्तरच खराब झालेलं असतं. सतत घाण पाणी-माती पोटात जाऊन लहान आतड्याची लव (अन्न शोषणारी बोटांसारखी बारीक टोकं) खुजी होते, भिंत झिरपायला लागते, हलकी सूज कायम राहते. जुलाब नसतातच कित्येकदा, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. अशा बाळाला पाकीट पूर्ण दिलं तरी शोषलं कमी जातं आणि शोषलेल्यातलं काही सूज निस्तरण्यात खर्च होतं.

यावर नळ-संडास पुरवून भागेल असं वाटलं होतं. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेत मोठे प्रयोग झाले, त्यात नुसत्या पाणी-हातधुणी-संडासाच्या सोयींनी मुलांची उंची वाढली नाही. म्हणून ते सोडून द्यायचं असं नव्हे. घरात दिलेल्या त्या सोयींनी संसर्ग पुरेसा कमी होत नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं, पिंपात साठतं, आणि पिंपात हात घालून पेला बुडवला की नळाचं शुद्ध पाणी तिथेच बिघडतं. लांब दांड्याचा वगराळा आणि झाकण, इतकं तरी बाळाच्या पाण्यापुरतं. उकळलेलं पाणी पुन्हा त्याच पिंपाच्या पेल्यानं काढू नये, हे सांगायला लागतं.

बालरोग_कुर्ला

प्रोबायोटिक आणि लोह, दोन्हीवर लिहितो.

प्रोबायोटिक म्हणजे एक औषध नव्हे. जात, उपजात, मात्रा, वय आणि कशासाठी, हे सगळं जुळलं तरच एका प्रयोगाचा निष्कर्ष दुसरीकडे लागू होतो. ओडिशात ४,५५६ नवजात बाळांवर झालेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅक्टोबॅसिलस प्लँटारमची एक विशिष्ट जात आणि तिचं खाद्य असलेली शर्करा, सात दिवस. जंतूसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. जबरदस्त निकाल. पण ती बाळं काही दिवसांची, किमान २ किलो वजनाची, आईच्या दुधावरची होती आणि मोजमाप संसर्गाचं होतं, वजनवाढीचं नव्हे. मलावीत ७९५ तीव्र कुपोषित मुलांच्या आरयूटीएफमध्ये प्रोबायोटिक आणि प्रीबायोटिक (जिवाणूंचं खाद्य) मिसळून दिलं (२००९), तिथे बरं होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. तुमच्या वयोगटाला हा दुसरा प्रयोग जवळचा. ढाक्यात २ ते ६ महिन्यांच्या तीव्र कुपोषित बाळांना वर आलेला बिफिडोबॅक्टेरियम इन्फॅन्टिस २८ दिवस दिल्यावर वजन चांगलं वाढलं, हेही खरं. पण त्या वयात आईचं दूध, म्हणजे त्या जिवाणूचं खाद्य, पोटात जात असतं. १४ महिन्यांच्या, दूध सुटलेल्या बाळाला तोच दिला तर तो टिकेल कशावर?

देणगीदारांच्या पाकिटावर जातीचं पूर्ण नाव आणि क्रमांक आहे का ते बघा. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस, इतके अब्ज’ असेल तर विषय संपला. शिवाय अतितीव्र कुपोषित, रुग्णालयात असलेल्या किंवा शिरेत नळी असलेल्या बाळाला जिवंत जिवाणू डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नकोत. क्वचित ते रक्तात उतरतात.

आता लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ नुसार महाराष्ट्रात ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी. तेव्हा लोह बंद करणं हा पर्याय नाही. पण जिवाणूंच्या अंगानं बघितलं तर आयांची तक्रार वावगी नाही. तोंडानं दिलेल्या लोहाचा थोडाच भाग शोषला जातो, उरलेलं मोठ्या आतड्यात जातं. ई. कोलाय, साल्मोनेला यांना लोहाची भूक प्रचंड. बिफिडो आणि लॅक्टो मंडळींना ते जवळपास लागतच नाही. आईच्या दुधातलं लॅक्टोफेरिन लोह पकडून ठेवतं ते उगाच नाही.

केनियात सहा महिन्यांच्या बाळांना रोज १२.५ मिलिग्रॅम लोहाची पूड अन्नात मिसळून दिली (२०१५ चा अहवाल). ई. कोलायच्या गटातले जिवाणू वाढले, शीमधलं सूज दाखवणारं कॅलप्रोटेक्टिन वाढलं. जुलाबावर उपचार लागणारी बाळंही लोहाच्या गटात जास्त दिसली, पण एकूण संख्या लहान असल्यानं तो आकडा पक्का मानू नये. त्याच देशातल्या पुढच्या प्रयोगात लोह ५ मिलिग्रॅमवर आणलं, सोबत ७.५ ग्रॅम गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड (चांगल्या जिवाणूंचं खाद्य असलेली शर्करा) दिलं, तेव्हा हे दुष्परिणाम बरेचसे टळले.

आपला अ‍ॅनिमिया मुक्त भारतचा डोस बघा: १ मिलिलिटर सिरप, त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, आठवड्यातून दोनदा. आठवड्याचं लोह ४० मिलिग्रॅम. केनियातल्या रोजच्या पुडीचा हिशेब ८७.५ होतो. म्हणजे मात्रा मुळात बेतानं ठेवलेली आहे, बिघडतं ते देण्याच्या पद्धतीत:

बाटलीच्या तोंडाला मापाचा दट्ट्या असतो, एकदा दाबला की १ मिलिलिटर. तो काढून टाकून चहाच्या चमच्यानं दिलं तर ५ मिलिलिटर, म्हणजे १०० मिलिग्रॅम एकदम. शी पातळ होणारच. दोनदाच्या ऐवजी ‘लवकर रक्त वाढावं’ म्हणून रोज देणारेही असतात. त्यात खासगी डॉक्टरांनी लिहिलेले थेंब चालू असतील तर डोस दुहेरी. थेंबांच्या बाटलीवर क्षाराचं वजन आणि त्यातल्या शुद्ध लोहाचं वजन वेगवेगळं लिहिलेलं असतं. मोजायचं ते दुसरं.

वार पक्के करा, अंगणवाडीत ताईच्या समोर, बाळानं खाल्ल्यानंतर अर्ध्या-एक तासानं. दुधात मिसळून नको, शोषण घटतं आणि बाटलीत तळाला राहतं. ताप, जुलाब, न्यूमोनिया असेल तर थांबवा, बरं झाल्यावर पुन्हा सुरू. शी काळपट-हिरवट होणं म्हणजे न शोषलेलं लोह, हे आईला पहिल्या डोसच्या आधी सांगून ठेवा, नंतर सांगून उपयोग नसतो. डांबरासारखी चिकट, घाण वासाची काळी शी मात्र वेगळी, तिथे लगेच दवाखाना. आणि उपचाराचा पूर्ण डोस दोन महिने नीट देऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल तर लोह वाढवू नका, थॅलेसेमियाची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी करा.

मुख्यसेविका_गोवंडी

खूप उपयोगाचं, आभार. दोन अडलेल्या गोष्टी. आरयूटीएफवर असलेल्या बाळाला आयएफए (लोह-फॉलिक आम्ल) सिरप चालू ठेवायचं का? यादीत दोन्हीकडे टिक मागतात. आणि ते ढाक्याचं केळं-बेसन घरी करता येईल का, नेमक्या मापासकट?

बालरोग_कुर्ला

नाही. आरयूटीएफमध्येच १०० ग्रॅममागे १० ते १४ मिलिग्रॅम लोह असतं. ९२ ग्रॅमची दोन-अडीच पाकिटं रोज खाणाऱ्या बाळाला वेगळं सिरप नको. रुग्णालयात दाखल तीव्र कुपोषित बाळाला तर सुरुवातीच्या दिवसांत लोह मुद्दाम देत नाहीत, तेव्हा दिल्या जाणाऱ्या एफ-७५ या उपचारात्मक दुधातही ते नसतं. संसर्ग आटोक्यात येऊन वजन वाढायला लागलं की मगच. नोंदवहीत ‘आरयूटीएफमधून’ असा शेरा मारा आणि पर्यवेक्षकांना दाखवा.

अजून एक, जिवाणूंचं सगळ्यात मोठं नुकसान कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे होतं. पाण्यासारखे जुलाब, रक्त नाही, तरी अँटिबायोटिक आणि ‘पोट सुधारायला’ म्हणून वर प्रोबायोटिक. अशा जुलाबाला ओआरएस आणि झिंक १४ दिवस: सहा महिन्यांपर्यंत १० मिलिग्रॅम, पुढे २०. शीतून रक्त पडलं तर डॉक्टर, अँटिबायोटिक तिथे लागतं. तीव्र कुपोषणात लिहून दिलेलं अमॉक्सिसिलिनही आपल्या मनानं बंद करायचं नाही.

आहार_दादर

घरी होईल, पण त्याला ढाक्याचं अन्न म्हणू नका. त्यातली सूक्ष्मपोषकं घरात येणार नाहीत आणि प्रयोग एक वर्षावरच्या मुलांवर झालेला आहे. टीएचआरच्या ऐवजी नव्हे, त्याच्या जोडीला, एक वर्षापुढे.

एका वेळचं माप: बेसन १५ ग्रॅम (सपाट दोन मोठे चमचे), भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट १० ग्रॅम, उकडलेलं भाजीचं कच्चं केळं अर्धं, गूळ एक छोटा चमचा, तेल एक छोटा चमचा, पाणी पाऊण वाटी. साधारण २०० ते २२० किलोकॅलरी, प्रथिनं ६ ग्रॅमच्या आसपास.

केळं सालीसकट दोन तुकडे करून १५-२० मिनिटं उकडा (हाताला तेल लावा, चीक जात नाही), सोलून गरम असतानाच कुस्करा. गार झालं की घट्ट होतं आणि गुठळ्या राहतात. बेसन तेलावर मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा, आठ-दहा मिनिटं लागतात. कच्चं राहिलं तर पोट फुगतं आणि दोष केळ्याला जातो. मग थोडं थोडं पाणी घालत ढवळा, केळं-कूट-गूळ घाला, पाच मिनिटं शिजवा. पहिले तीन दिवस दोन चमचेच. एकदम वाटीभर दिलं की तंतूंमुळे गॅस धरतो आणि आई पुन्हा करत नाही. शेंगदाणा पहिल्यांदा देताना चिमूटभर, अंगावर गांधी उठतात का बघायचं. अख्खा दाणा किंवा भरड कूट अजिबात नको, श्वासनलिकेत अडकतं.

पावसाळ्यात शेंगदाणे निवडून घ्या. सुरकुतलेले, काळे पडलेले, कडू दाणे बुरशीचे असतात, त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजूनही पुरतं जात नाही. कूट आठवड्यापुरतंच.

परळ_सूक्ष्मजीव

केळं निवल्यावर त्यातला थोडा स्टार्च पुन्हा न पचणारा होतो आणि मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो, जिवाणूंना तेच हवं असतं. ढाक्यातच रेंगाळलेल्या जुलाबाच्या ५ ते १२ महिन्यांच्या बाळांना शिजवलेलं कच्चं केळं देऊन जुलाब लवकर आटोक्यात आल्याचं २००१ मध्ये छापून आलं आहे. तेव्हा कोमट होऊ द्यायला हरकत नाही.

आहार_दादर

कोमट, म्हणजे पंधरा मिनिटं. ‘निवू द्या’ म्हटलं की मुंबईच्या उकाड्यात दुपारपर्यंत ओट्यावर पडून राहतं. दोन तासांच्या वर ठेवलेलं बाळाला नाही, मोठ्यांनी खाऊन टाकायचं.

मुख्यसेविका_गोवंडी

कळलं. देणगीदारांना पाकिटांऐवजी २ किलोची वजनं, लांबीच्या फळ्या आणि वगराळे मागते. दह्याचं काय? आणि शीची ‘मायक्रोबायोम टेस्ट’ (आतड्यातल्या जिवाणूंची तपासणी) करून मिळते म्हणतात, निवडक मुलांची करावी का?

परळ_सूक्ष्मजीव

टेस्ट नको. अहवालात रंगीत गोल आणि जिवाणूंची नावं येतील, पण अमुक प्रमाण असेल तर तमुक आहार द्या, असं एका बाळापुरतं ठरवता येईल असा मापदंड नाही. प्रयोगात शेकडो नमुन्यांची सरासरी बघतात, तिथे ते कामाचं. त्या पैशात ओआरएस-झिंक घ्या.

दही सहा महिन्यांनंतर जरूर, अन्न म्हणून. त्यातले जिवाणू पाहुणे असतात, दोन-चार दिवसांत निघून जातात. ताजं, घरी विरजलेलं, तापवलेल्या दुधाचं, भातात कालवून. ताक नको, पोट भरतं आणि उष्मांक नावाला.

बालरोग_कुर्ला

आणि विरजण शेजारून आणलेलं असेल तर ते कोणत्या वाटीतून, कोणत्या बोटानं आलं ते बघा. दूध तापवून जंतू मारायचे आणि विरजणातून परत घालायचे, असं व्हायला नको.